परवडणारी घरे झोनिंगच्या नियमांत कशी आणावीत : बेळगाव आणि परिसरासाठी मार्गदर्शन

वडगाव, खासबाग किंवा अनगोळच्या कडेला राहणाऱ्या विणकराला, अथवा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या कामगाराला घरासाठी जागा हवी असते, तेव्हा त्याच्यापुढे बहुधा दोनच वाटा असतात. एक म्हणजे मंजूर लेआउटमधला ३० बाय ४० चा प्लॉट, जो त्याच्या आवाक्याबाहेर असतो. दुसरी म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून बाँड पेपरवर विकलेला गुंठा-अर्धा गुंठा, जो आवाक्यात असतो, पण ज्याला ना बिगरशेतीचा आदेश असतो, ना मंजूर नकाशा, ना बँकेचे कर्ज. लहान आणि तरीही कायदेशीर अशी जागा या दोहोंच्या मध्ये सापडत नाही, याचे एक मोठे कारण जमीन-वापराच्या म्हणजेच झोनिंगच्या नियमांत आहे. नियम बदलता येतात आणि ते बदलताना नागरिकांचे म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती वापरायची कशी, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

आधी नियम कुठे लिहिलेला असतो ते समजून घ्या

कर्नाटकात याचा पाया १९६१ चा नगर व ग्रामनियोजन कायदा हा आहे. या कायद्याच्या कलम १२ नुसार प्रत्येक नियोजन क्षेत्राच्या बृहत् आराखड्यात जमिनीचे विभाग आणि त्यांना लागू होणारी झोनिंग नियमावली असावी लागते. आपल्याकडे जुनी मंडळी या आराखड्याला अजूनही सीडीपी म्हणतात. नकाशातला पिवळा रंग निवासी असतो एवढे बहुतेकांना माहीत असते, परंतु खरा मजकूर नकाशासोबतच्या नियमावलीत असतो. प्लॉटचा किमान आकार, रस्त्याची किमान रुंदी, चारी बाजूंनी सोडायची मोकळी जागा, भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट एकूण बांधकाम करता येईल ते प्रमाण म्हणजेच एफएआर आणि पार्किंगची अट या सगळ्या गोष्टी तिथे ठरतात, आणि त्या मिळूनच घराची किंमत ठरवतात.

बेळगाव शहर व भोवतालच्या नियोजन क्षेत्रासाठी हे काम बेळगाव नगरविकास प्राधिकरण म्हणजे बुडा पाहते. १९८७ च्या राज्य कायद्याखाली अशी प्राधिकरणे चालतात. इमारतीचा परवाना महानगरपालिका देते, म्हणून अनेकजण झोनिंगची तक्रारही पालिकेकडे घेऊन जातात आणि रिकाम्या हाताने परततात. कॅम्प परिसरात कँटोन्मेंट बोर्डाचे स्वतंत्र नियम चालतात. निपाणी, गोकाक किंवा खानापूरच्या वाचकांनी आपल्या नगरसभेत अथवा पट्टण पंचायतीत जाऊन आपली जमीन कोणत्या नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीत येते, हे सर्व्हे नंबर देऊन आधी विचारून घ्यावे.

सवलत देणारा नियम काम कसा करतो

परवडणारी घरे बांधून घेण्याचे झोनिंगमध्ये दोन मार्ग आहेत. एकात सक्ती असते : अमुक क्षेत्रापेक्षा मोठा प्रकल्प असेल, तर त्यातला ठरावीक हिस्सा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी राखायचा. दुसऱ्यात प्रलोभन असते : असा हिस्सा राखला, तर जादा बांधकाम, कमी पार्किंग, शुल्कात सूट किंवा लवकर मंजुरी मिळेल. केंद्र सरकारच्या २००७ च्या शहरी गृहनिर्माण धोरणाने दोहोंची सांगड घातली होती. प्रत्येक नव्या गृहप्रकल्पात १० ते १५ टक्के जमीन किंवा २० ते २५ टक्के एफएआर, यांपैकी जे अधिक असेल ते, या गटांसाठी राखावे आणि त्यासाठी कायदेशीर तरतुदींबरोबर बांधकामाच्या सवलतीही द्याव्यात, असे त्यात म्हटले होते. धोरण मात्र केवळ दिशा दाखवते. स्थानिक नियमावलीत शब्द येईपर्यंत ते कोणावर बंधनकारक नसते.

जादा एफएआरचे गणित एकदा हाताने करून पाहावे, कारण प्राधिकरणापुढे बोलताना तेच उपयोगी पडते. समजा ४,००० चौरस मीटरचा भूखंड आहे आणि १.७५ एफएआरप्रमाणे त्यावर ७,००० चौरस मीटर बांधकाम करता येते. बांधकामाचा खर्च चौरस मीटरला २०,००० रुपये आणि विक्रीचा दर ४०,००० रुपये धरला, तर जमिनीची किंमत वजा करण्यापूर्वी विकासकाकडे १४ कोटी उरतात. आता त्याने १५ टक्के म्हणजे १,०५० चौरस मीटर बांधकाम लहान घरांसाठी २२,००० रुपये दराने विकायचे ठरवले, तर तेवढ्या भागावर त्याला केवळ २१ लाख उरतील आणि १ कोटी ८९ लाखांची घट येईल. ही घट भरून काढायला त्याला बाजारभावाने विकता येणारे ९४५ चौरस मीटर जादा बांधकाम लागते, म्हणजे मूळ बांधकामाच्या साडेतेरा टक्के. प्राधिकरणाने २० टक्के जादा दिले, तर उरलेल्या साडेसहा टक्क्यांच्या बदल्यात आणखी लहान घरे मागण्याचा लोकांना हक्क आहे. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. आपल्या भागातले दर घालून हीच बेरीज-वजाबाकी करावी.

हेच गणित बेळगावच्या कडेला का चालत नाही

माझ्या मते सगळ्यात अधिक लक्ष या मुद्द्याकडे द्यायला हवे. जादा एफएआर तिथेच मोलाचा असतो, जिथे आहे तो एफएआर पुरेपूर वापरला जातो. टिळकवाडीत किंवा बाजारपेठेच्या जवळ जुनी घरे पाडून अपार्टमेंट उभे राहते, तिथे वाढीव मजल्याला गिऱ्हाईक मिळते. कणबर्गी, मच्छे, पिरनवाडी, हिंडलगा, काकतीच्या बाजूला मात्र बहुतांश विकास प्लॉट पाडून विकण्याचा आहे. तिथे माणूस खाली दोन खोल्या बांधतो, मुलाच्या लग्नाच्या वेळी वर एक मजला चढवतो, आणि नियमाने मिळणारे बांधकामही पूर्ण वापरत नाही. अशा ठिकाणी लेआउट करणाऱ्याला जादा एफएआर देऊ केला, तर त्याला त्याचे काहीच वाटणार नाही, कारण तो मजले विकत नाही, जमीन विकतो.

सीमेपलीकडचा अनुभवही पाहावा. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या लेआउटमध्ये २० टक्के क्षेत्र दुर्बल व अल्प उत्पन्न गटाच्या लहान भूखंडांसाठी राखण्याची तरतूद आहे, पण ती १० लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांसाठी आहे. कोल्हापूरची लोकसंख्या २०११ मध्ये साडेपाच लाखांच्या आसपास होती, म्हणजे आपल्या शेजारचे आणि आपल्यासारखेच शहर त्या नियमाबाहेर राहिले. बेळगाव महानगरपालिकेची लोकसंख्या त्याच जनगणनेत पाच लाखांच्या आतच होती. पुण्यासारख्या मोठ्या शहरांसाठी बेतलेला नियम उचलून इथे आणला, तर तो आपल्याला लागूच होणार नाही, हे यावरून ध्यानात घ्यावे.

म्हणून आपल्या भागासाठी मागायची सवलत लेआउटच्या भाषेत असली पाहिजे. चार एकरांचे उदाहरण घेऊ. चार एकर म्हणजे १६० गुंठे, म्हणजेच १,७४,२४० चौरस फूट. रस्ते, उद्यान आणि नागरी सुविधांची जागा सोडून समजा ५५ टक्के क्षेत्र विक्रीला उरले, तर ते साधारण ९५,८०० चौरस फूट होते आणि त्यात १,२०० फुटांचे ७९ प्लॉट बसतात. या विक्रीयोग्य क्षेत्रातले साधारण १० टक्के २० बाय ३० च्या, म्हणजे ६०० फुटांच्या प्लॉटांसाठी ठेवले, तर १५ लहान आणि ७२ मोठे प्लॉट निघतात. एकूण संख्या ७९ वरून ८७ वर जाते. विकासकाचे मात्र सात मोठे प्लॉट कमी होतात आणि त्याबदल्यात त्याला कमी दराचे १५ प्लॉट मिळतात.

ही घट भरून काढण्यासाठी त्याला काय देता येईल? पहिली गोष्ट म्हणजे अंतर्गत रस्त्याची रुंदी. फक्त लहान प्लॉटांना जोडणारा १०० मीटर लांबीचा रस्ता ९ मीटरऐवजी ६ मीटरचा ठेवू दिला, तर ३०० चौरस मीटर म्हणजे सुमारे ३,२०० चौरस फूट जागा वाचते आणि त्यात १,२०० फुटांचे दोन प्लॉट बसून वर जागा उरते. असा रस्ता दोन्ही टोकांना मोठ्या रस्त्याला मिळाला पाहिजे आणि अग्निशमनाची गाडी व रुग्णवाहिका आत शिरली पाहिजे. ही अट सोडून मागणी करू नये, कारण पुढे त्याच घरांतल्या लोकांना त्याची किंमत मोजावी लागते. दुसरी गोष्ट म्हणजे लहान प्लॉटवरच्या बांधकामाला मार्जिनची म्हणजे कडेने सोडायच्या मोकळ्या जागेची सूट आणि शेजारच्या घराशी सामाईक भिंत बांधण्याची मुभा. २० फूट रुंदीच्या प्लॉटवर दोन्ही बाजूंनी तीन-तीन फूट सोडायला लावले, तर चौदा फुटांत घर बसवावे लागते. तिसरी गोष्ट म्हणजे वेळ. कर्ज काढून जमिनीत पैसा गुंतवलेल्या माणसासाठी सहा महिने लवकर मिळालेली मंजुरी ही रोख रकमेइतकीच मोलाची असते, आणि तिच्यासाठी सरकारी तिजोरीतून काही द्यावे लागत नाही.

जमीन-वापर बदलाच्या शुल्कातली सूट किंवा प्रीमियम एफएआरचे, म्हणजे पैसे भरून मिळणाऱ्या जादा बांधकामाचे, दर या गोष्टी राज्य सरकारच्या हातात आहेत. त्या मागणीपत्रात वेगळ्या परिच्छेदात लिहाव्यात. नाहीतर 'हे आमच्या अखत्यारीत नाही' असे सांगून संपूर्ण पत्र बाजूला ठेवले जाते.

किंमत कोणाला परवडणारी, हे आकड्यात लिहा

'परवडणारे' हा शब्द मोघम ठेवला, तर नियमाचा उपयोग होत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल गट म्हणजे वर्षाला ३ लाखांपर्यंत आणि अल्प उत्पन्न गट म्हणजे ३ ते ६ लाख उत्पन्नाचे कुटुंब. तीन लाख म्हणजे महिन्याला २५,००० रुपये. त्यातले ८,००० रुपये हप्त्याला जातील असे धरले, तर २० वर्षांच्या आणि ९ टक्के व्याजाच्या कर्जावर दर लाखामागे साधारण ९०० रुपये हप्ता पडतो, म्हणजे कर्ज पावणेनऊ ते नऊ लाखांच्या दरम्यान मिळते. ४०० चौरस फुटांचे साधे घर समजा १,६०० रुपये दराने बांधले, तर ६ लाख ४० हजार तिथेच जातात आणि जागेसाठी जेमतेम अडीच लाख उरतात, म्हणजे ६०० फुटांच्या प्लॉटला चौरस फुटामागे ४१५ रुपयांच्या आसपास. १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या पात्र कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे किमान एक लाख मिळण्याची तरतूद आहे. ते मिळाले, तर जागेसाठी पाच लाख आणि दर साधारण ८३० रुपयांपर्यंत जातो. आपल्या गावातला दर या दोन आकड्यांच्या किती वर आहे, हे पाहिले की नियमाने नेमके किती अंतर भरून काढायचे, ते स्पष्ट होते.

नियमातला दर रुपयांत बांधू नये, कारण तो दोन वर्षांत शिळा होतो. उपनिबंधक कार्यालयातल्या मार्गदर्शक मूल्याच्या, म्हणजे नोंदणीसाठी सरकारने ठरवलेल्या दराच्या, अमुक टक्के असे लिहिले, तर तो आपोआप बदलत राहतो.

पळवाटा आधीच बुजवा

चांगल्या हेतूने लिहिलेला नियम एका मोकळ्या वाक्यातून गळून जातो, म्हणून पुढच्या मुद्द्यांवर आग्रही राहावे.

पहिली पळवाट मर्यादेची. महाराष्ट्राच्या नियमातले ४,००० चौरस मीटर म्हणजे एका एकराला थोडे कमी. आपल्याकडे भावाभावांतल्या वाटण्यांमुळे जमिनी आधीच एक-दोन एकरांच्या आहेत, आणि ज्यांच्या मोठ्या आहेत ते कागदोपत्री तुकडे करून मर्यादेखाली राहू शकतात. लगतच्या सर्व्हे नंबरांत त्याच मालकाने किंवा त्याच विकासकाने पाच वर्षांत केलेले लेआउट एकत्र मोजावेत, असे वाक्य नियमात हवे.

दुसरी जागेची. लहान प्लॉट नाल्याकाठी, सांडपाण्याच्या टोकाला किंवा उच्चदाब तारेखाली टाकण्याचा मोह होतो. बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात कसे पसरते, हे आपण दरवर्षी पाहतो. गरिबाला पुराच्या जागी बसवणारा लेआउट परवडणारा म्हणता येत नाही. मुख्य रस्त्यापासूनचे कमाल अंतर ठरवून आणि पूररेषेत लहान प्लॉट ठेवण्यास स्पष्ट मनाई करून हे टाळता येते.

तिसरी पुनर्विक्रीची. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या माँटगोमेरी काउंटीने १९७४ पासून मोठ्या गृहप्रकल्पांत मध्यम किमतीची घरे राखणे सक्तीचे केले आणि त्याबदल्यात जादा घनता दिली. या प्रकारच्या नियमांत तो फार जुना आणि पुष्कळ अभ्यासला गेलेला प्रयोग आहे. विकत दिलेल्या घरांवरचे किमतीचे बंधन सुरुवातीला केवळ पाच वर्षांचे होते. मुदत संपताच घरे बाजारभावाने विकली गेली आणि मेहनतीने उभा केलेला साठा आटत गेला. पुढे ही मुदत १० आणि २००५ मध्ये ३० वर्षांवर नेण्यात आली. आपण ही चूक पुन्हा करण्याचे कारण नाही. खरेदीखतातच १५ ते २० वर्षांचे बंधन, आणि त्याआधी विकायचे झाल्यास प्राधिकरणाच्या यादीतल्या पात्र कुटुंबालाच विकण्याची अट असावी. शेजारचे दोन लहान प्लॉट घेऊन एक मोठा करण्यासही मनाई हवी. आपल्याकडे हे हमखास घडते.

चौथी वेळेची. मोठे प्लॉट विकून झाल्यावर लहानांचे काम वर्षानुवर्षे रखडते. लहान प्लॉटांचे रस्ते, पाणी आणि गटार पूर्ण झाल्याचा दाखला मिळेपर्यंत मोठ्या प्लॉटांतला ठरावीक हिस्सा मोकळा करू नये, एवढी एक अट पुरते.

लहान प्लॉट देण्याऐवजी पैसे भरण्याची मुभा द्यावी, असेही सुचवले जाईल. मर्यादेलगतच्या अगदी लहान लेआउटखेरीज ती मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसा जमा होतो. जमीन मात्र पुन्हा त्या वस्तीत मिळत नाही.

सूचना कधी आणि कशी द्यायची

कायद्यातल्या दोन मुदती पाठ असाव्यात. राज्य सरकारने तात्पुरता मंजूर केलेला बृहत् आराखडा प्रसिद्ध झाल्यावर कलम १३ नुसार लोकांना लेखी म्हणणे मांडायला ६० दिवस मिळतात. आराखडा दर दहा वर्षांनी सुधारायचा असतो, त्यामुळे ही संधी हुकली तर पुढची फार लांब असते. दोन सुधारणांच्या मधल्या काळात एखाद्या जमिनीचा वापर बदलायचा असेल, तर कलम १४-अ नुसार वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, किमान १५ दिवसांची मुदत ठेवून हरकती मागवाव्या लागतात आणि तो बदल लोकहिताचा असावा लागतो. शेतीचा पट्टा निवासी होतो तेव्हा जमिनीची किंमत एका आदेशाने वाढते. त्या वाढीतला काही वाटा लहान प्लॉटांच्या रूपाने मागण्याची हीच वेळ असते, आणि या छोट्या जाहिरातींवर फारशा हरकती येत नाहीत.

जाहिरात कन्नडमध्ये असेल, तर घरात कन्नड वाचणारे कोणी नसले तरी काही शब्द ओळखता आले पाहिजेत. 'प्रकटणे' म्हणजे जाहीर सूचना, 'महायोजने' म्हणजे बृहत् आराखडा, 'भू बळके बदलावणे' म्हणजे जमीन-वापर बदल, 'विन्यास' म्हणजे लेआउट, 'निवेशन' म्हणजे प्लॉट आणि 'आक्षेपणे मत्तु सलहे' म्हणजे हरकती व सूचना. शाळेत कन्नड शिकलेली मुले आता बहुतेक घरांत आहेत. त्यांना रोज पाच मिनिटे वर्तमानपत्रातले जाहिरातींचे पान पाहायला सांगावे.

पत्र मराठीत विचार करून लिहावे, पण सोबत कन्नड प्रत जोडावी, म्हणजे टेबलावरच्या कारकुनापासून वरपर्यंत ते वाचले जाते. मागणी नियमाच्याच शब्दांत असावी. उदाहरणार्थ : 'निवासी विभागाच्या नियमावलीत पुढील तरतूद समाविष्ट करावी. एक एकर किंवा त्याहून अधिक क्षेत्राच्या लेआउटमध्ये विक्रीयोग्य क्षेत्राच्या किमान १० टक्के क्षेत्र ६०० चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटांसाठी राखावे. एकाच मालकाच्या अथवा विकासकाच्या लगतच्या जमिनी एकत्र मोजाव्यात. अशा प्लॉटांना जोडणारे, दोन्ही टोकांना खुले असलेले अंतर्गत रस्ते ६ मीटर रुंदीचे चालतील. असे प्लॉट पूररेषेबाहेर असावेत आणि त्यांच्या एकत्रीकरणास परवानगी नसावी.' याखाली वरच्यासारखे गणित आपल्या भागाच्या दरांनी मांडावे. पन्नास जणांनी सही केलेल्या एका भावनिक निवेदनापेक्षा आकड्यांसह दिलेली दहा वेगवेगळी पत्रे अधिक उपयोगी पडतात, कारण आलेल्या प्रत्येक लेखी म्हणण्याचा विचार प्राधिकरणाला करावा लागतो.

या कामात शेतकऱ्यांना बरोबर घ्यावे. लहान प्लॉट, भिंतीला भिंत लागलेली घरे आणि आटोपशीर रस्ते यांमुळे तेवढीच कुटुंबे कमी जमिनीत बसतात, म्हणून येळ्ळूरच्या भाताच्या शिवाराचे हित आणि वडगावच्या विणकराचे हित इथे एकाच बाजूला आहे.

प्रामाणिक लहान विकासकांशीही बोलावे. नव्या घराचे कार्पेट क्षेत्र, म्हणजे आतली वापरता येणारी जागा, ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल, तर महानगर नसलेल्या शहरांत बांधकाम चालू असताना विक्रीवर जीएसटी ५ ऐवजी १ टक्का लागतो. त्याला ही सवलत आधीपासून मिळत असते आणि झोनिंगची सूट त्यात भर घालते. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचे प्रकल्प २०१६ च्या रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखाली नोंदवावे लागतात, त्यामुळे लेआउटचा मंजूर नकाशा त्या नोंदणीतही पाहता येतो. राखीव म्हणून दाखवलेले लहान प्लॉट प्रत्यक्ष जमिनीवर आहेत का, हे ताडून पाहण्याचा तो सोपा मार्ग आहे.

पत्र टपालाने पाठवण्यापेक्षा बुडाच्या आवक विभागात स्वतः नेऊन द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घालून पोच घ्यावी. दोन महिन्यांनी त्या क्रमांकाचा उल्लेख करून माहिती अधिकाराखाली अर्ज करावा : या पत्रावर काय टिपणी झाली आणि सरकारकडे कोणती शिफारस गेली? कर्नाटकात या अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. उत्तर आले नाही, तर त्याच कार्यालयातल्या अपील अधिकाऱ्याकडे पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करावे आणि त्याला पोचीची प्रत जोडावी.